ओढ्यात काय ठेवायचं

गाळात फावडं शिरतं तेव्हा आवाज जवळजवळ होतच नाही. उचलताना एक चिकट 'चप्' होतं, पाण्याने पातं धरून ठेवल्यासारखं, तेवढंच. मग एका खोलीवर पात्याखाली 'खर्र' वाजतं. पातं गोट्यांवर घासलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या पुरांनी लोटत आणलेले, घासून गुळगुळीत झालेले गोटे आणि त्यांच्या फटींतली भरड वाळू, हा ओढ्याचा मूळ तळ. उन्हाळ्यात श्रमदानाला उतरलेल्या माणसाला एवढा एक आवाज ओळखता आला, की निम्मं काम समजलं. तिथे थांबायचं. त्याच्याखाली खणायचं नाही, आणि त्याच्या वर जे आहे त्यातलंही सगळं काढायचं नाही.

श्रमदान संपलं की हिशेब मांडला जातो तो काढलेल्याचा. किती ट्रॉल्या गाळ, किती पोती प्लॅस्टिक, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. नंतरच्या फोटोत ओढा जितका सरळ आणि बोडका, तितकं काम चांगलं झालं असं वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. ओढ्याच्या कामातलं कसब काय ठेवलं यात असतं. काढायला हात पुरतात. ठेवायला ओढा वाचता यावा लागतो.

उन्हाळाच का, याचं उत्तर सोपं आहे. चैत्र-वैशाखात पाणी सगळ्यात कमी असतं, तळ दिसतो, काठ पाय ठेवण्याइतके कोरडे असतात. पण याच दिवसांत ओढ्यातलं जीवनही सगळ्यात अडचणीत असतं. वाहती धार तुटते आणि मासे, बेडूक, पाणकिडे, शिंपले सगळे उरलेल्या दोन-चार डोहांत गोळा होतात. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांला तो ७.५ वर येतो. म्हणजे गर्दी वाढलेली आणि श्वास कमी झालेला. माणसाच्या हातांना सोयीचा महिना ओढ्याला सर्वांत नाजूक असतो, हे मनात पक्कं ठेवूनच कामाला लागायचं. गाळाचं आणि काठाचं काम एप्रिलमध्ये सुरू करून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवावं. मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास. त्याच्या आधीचे पंधरा दिवस फक्त काढलेला माल हलवायला आणि पाहणीला ठेवावेत. काम अर्धवट असताना वळवाची एक जोरदार सर आली, तर उकरलेला काठ आणि काठावरचा ढीग दोन्ही पुन्हा पात्रात बसतात, तेही आधीपेक्षा सैल होऊन.

कामाच्या आठवडाभर आधी दोघा-तिघांनी ओढा चालून यावा. सोबत मीटरची टेप, दीड-दोन मीटरचा बांबू, त्यावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण, खडू आणि वही. बांबू गाळात टेकवून दाबायचा: पृष्ठभागाला लागला तिथला आकडा, आणि खर्रकन अडला तिथला आकडा. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. दर १० मीटरवर तीन ठिकाणी, दोन्ही काठांजवळ आणि मध्ये, असं मोजलं की कुठे किती काढायचं ते कागदावर दिसतं. गंमत म्हणजे बहुतेक ओढ्यांत गाळ सगळीकडे सारखा नसतोच. तो मोऱ्यांच्या वरच्या अंगाला, वळणाच्या आतल्या बाजूला आणि अडथळ्यांच्या मागे साचतो. पुष्कळदा शंभर मीटरच्या पट्ट्यात वीस मीटरच खरे कामाचे निघतात.

त्या वीस मीटरचंच गणित करून पाहू. लांबी २० मीटर, रुंदी २ मीटर, गाळाची जाडी सरासरी ३० सेंटिमीटर. झाले १२ घनमीटर. ओला गाळ घनमीटरला सुमारे १.६ टन धरला तर १९ टनांच्या वर. घमेलं काठोकाठ भरलं की दहाव्या मिनिटाला माणसाची कंबर बोलायला लागते, म्हणून ते दोन-तृतीयांश, साधारण १० किलोपर्यंतच भरायचं. म्हणजे १,९०० हून जास्त घमेली. वीस माणसांची साखळी न थकता मिनिटाला सहा घमेली पुढे सरकवते. त्या वेगाने सव्वापाच तास लागतात. उन्हाळ्यातल्या एका सकाळी विसावे वजा जाता अडीच तास खरं काम होतं. तेव्हा वीस मीटरला दोन सकाळी धराव्यात, आणि तिसरी हाताशी ठेवावी. साखळीखेरीज खणायला चार, भरायला तीन, ढिगावर दोन माणसं लागतात. 'तीस जण आले, अर्धा किलोमीटर करून टाकू' असं ठरवलेली बहुतेक श्रमदानं दुपारी अर्धवट ओढा आणि चार दुखऱ्या पाठी घेऊन संपतात, ती हे गणित आधी न केल्यामुळे.

साखळीत एका रांगेत एकाच दिशेला तोंड करून उभं राहायचं नाही. आलटून-पालटून समोरासमोर, एकमेकांपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, म्हणजे घमेलं छातीसमोरून छातीसमोर जातं आणि कमरेतून वळावं लागत नाही. रिकाम्या घमेल्यांसाठी परतीची वेगळी रांग हवी, ती चार-पाच मुलांनी सहज होते. रिकामं घमेलं फेकायचं नाही; त्याची कड पत्र्याची असते आणि ते नेमकं वाकलेल्या माणसाकडे जातं. दर वीस मिनिटांनी खणणारे साखळीत आणि साखळीतले खणायला.

आता क्रम. इथे नवखी मंडळी हमखास फसतात, कारण गाळाचा क्रम आणि जलपर्णीचा क्रम एकमेकांच्या उलट आहे. गाळ खालच्या टोकाकडून वर काढत जायचा. खालचा भाग आधी मोकळा झाला की वरचं पाणी निघून जातं आणि पुढचं काम कोरड्यात होतं. वरून सुरुवात केली तर आपण आपल्याच सोडलेल्या पाण्यात उभे असतो. अडकलेल्या फांद्या आणि कचऱ्याची बोळंही खालून वर सोडवायची; वरचं बोळ आधी सुटलं तर ते जाऊन खालच्यावर बसतं आणि दुप्पट घट्ट होतं. जलपर्णी मात्र वरून खाली. खालचा पट्टा स्वच्छ करून घरी गेलं की वरून सुटलेले चार तुकडे येऊन तिथे पुन्हा बसतात, आणि त्यांना तर आता मोकळं पाणी आणि भरपूर ऊन मिळालेलं असतं.

गाळाच्या खालच्या थरात हवा पोचत नाही. तो काळा असतो आणि ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो. हा थर पाण्यात मिसळला की तो पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. म्हणून एका वेळी पात्राचा निम्माच भाग हाती घ्यायचा, मधे मातीच्या पोत्यांची तात्पुरती आड घालायची, आणि पाणी दुसऱ्या अंगाने शांतपणे जाऊ द्यायचं. खालच्या डोहावर एका माणसाला नुसतं बघत बसवावं. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले की काम तिथल्या तिथे बंद. पहाटे हा धोका सर्वांत जास्त, कारण रात्रभर पाणवनस्पतीही प्राणवायू घेतच असतात. त्यामुळे डोहाजवळचं ढवळाढवळीचं काम उजाडल्या उजाडल्या करू नये. आधी काठावरचं उरकावं.

तोच वास झाकलेल्या मोरीतून किंवा नाल्याच्या बंदिस्त भागातून आला, तर आत पाऊल टाकायचं नाही. तो हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. 'आता वास गेला' असं वाटणं ही तिथली सगळ्यात घातक खूण आहे. एक जण कोसळला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. गटारांच्या आणि मैल्याच्या टाक्यांच्या अशा जीवघेण्या सफाईला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. जे काम मजुराकडूनही करून घ्यायला बंदी आहे, ते श्रमदानाच्या उत्साहात कुणाच्याही मुलांकडून करून घ्यायचं नाही. ओढ्यात उघड सांडपाणी येत असेल, तर श्रमदानाचं पहिलं काम म्हणजे ते कुठून येतं याचा नकाशा काढून लेखी तक्रार देणं.

काढलेला गाळ काठाच्या कडेवर टाकणं ही सर्रास दिसणारी चूक. दोन फुटांवर ढीग लागला की त्याच्या वजनाने काठच घसरतो, आणि पहिल्या पावसात ढीग जिथून आला तिथे परत जातो. पुराची रेषा काठावरच्या झाडांवर दिसते, बुंध्यांना अडकलेल्या वाळक्या काडीकचऱ्यावरून. ढीग त्या रेषेच्या वर हवा. शिवारातल्या ओढ्याचा गाळ शेताला चालतो, उलट सोन्यासारखा असतो. वस्तीतून किंवा कारखान्यांजवळून आलेल्या ओढ्याचा गाळ भाजीपाल्याच्या वाफ्यात मुळीच घालू नये. त्यात काचा, सुया आणि जड धातू असू शकतात. आणि हे आधीच विचारून घ्यावं: ओढ्याची जमीन सरकारी असते, गाळ-वाळू-मुरूम उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते. ग्रामपंचायतीचं किंवा पालिकेचं पत्र आणि तहसील कार्यालयाची परवानगी हाताशी असली की ट्रॉली मध्येच अडत नाही.

जलपर्णीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्यावर माणसांचे जितके तास वाया जातात तितके दुसऱ्या कशावर जात नाहीत. ही मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. फुगीर दांड्यांवर तरंगते, आडव्या धावत्या खोडांनी पिल्लं टाकते, आणि ऊन, ऊब व सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या बिया गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतात. म्हणून एका रविवारची मोठी मोहीम आणि मग पुढच्या वर्षी भेटू, हा हिशेब तिच्यापुढे टिकत नाही. मोठ्या मोहिमेनंतर दर आठवड्याला दोन माणसांचा एक तास, पावसाळ्यापर्यंत न चुकता, एवढं जमणार असेल तरच तिला हात लावावा.

काढायला लांब दांड्याचं दाताळं, किंवा लोखंडी आकडी नायलॉनच्या दोरीला बांधून फेकायची आणि ओढायची. आधी खालच्या अंगाला आडकाठी बांधून घ्यायची: बांबू टोकाला टोक बांधून, किंवा दोन्ही तोंडं बंद केलेले पीव्हीसी पाइप जोडून. ही आडकाठी धारेला काटकोनात घातली की सगळा माल मध्यभागी दाबला जातो आणि खालून निसटतो. ती तिरपी घालायची, म्हणजे वाहून आलेलं घसरत एका काठाला जमा होतं, आणि तिथे उभ्या माणसाला पाण्यात न उतरता उचलता येतं. दोरी झाडाला बांधताना खाली गोणपाटाची पट्टी द्यावी, नाहीतर साल कापली जाते. आणि जूनच्या आधी ही आडकाठी न विसरता सोडायची. पुरात ती राहिली तर तिच्यामागे कचऱ्याचं धरणच उभं राहतं.

ओढून काढलेली जलपर्णी लगेच गाडीत भरू नये. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आपण पाणीच वाहून नेतो. पाण्याच्या कडेला उताराच्या जागी एक दिवस पसरून ठेवली की पाणी निथळतं, वजन उतरतं, आणि मुळ्यांच्या झुबक्यांत लपलेले बारके मासे, कोळंबी, गोगलगायी, चतुराच्या अळ्या सरपटत परत पाण्यात जातात. त्या झुबक्यांवर वाकून पाहावं. काळ्या-जांभळ्या केसांसारख्या मुळ्यांमधून नखाएवढी कोळंबी उड्या मारत बाहेर पडते. पारदर्शक अंगातून तिचं आतडं काळ्या दोऱ्यासारखं दिसतं. एक दिवस, फार तर दोन. त्याहून जास्त दिवस ठेवली की ती तिथेच सडते आणि तिने शोषलेलं सगळं खत परत पाण्यात उतरतं.

पाणकणीस ही वेगळी गोष्ट. ते इथलंच आहे, काठ धरून ठेवतं, पक्षी त्यात घरटी करतात. फक्त पूर्ण पात्र झाकलं गेलं असेल तरच मधली वाट मोकळी करायची, आणि तीही एका वर्षी एकाच बाजूची. उपटायला गेलं तर कंद तुटून तळात राहतात आणि चौपट फुटतात. त्यापेक्षा विळ्याने पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर कापावं. त्याच्या मुळांना हवा पोचते ती पाना-दांड्यांतल्या पोकळीतून, वाळलेल्या दांड्यांतूनही. कापलेलं टोक पाण्याखाली राहिलं की कंद गुदमरतो. पण पुढच्या आठवड्यात पाणी आणखी ओसरून टोकं उघडी पडली तर हा सगळा खटाटोप फुकट जातो. म्हणून हे काम डोहाच्या कडेलाच, जिथे पाणी टिकणार आहे तिथेच करायचं. बेशरम नावाची काठावर माजणारी झुडपी वनस्पती मात्र मुळासकट काढावी. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, त्यामुळे तोडून ओढ्यात टाकलेली एक फांदी खाली नवा ताटवा उभा करते. उपटून खडकावर, मुळं वर करून वाळवायची. चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, आणि जनावरं त्या ढिगापासून लांब ठेवायची, कारण ती त्यांना विषारी आहे.

या दिवसांत टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, तर पाऊल जिथे आहे तिथेच थांबवावं. तिची अंडी उघड्या गोट्यांत असतात, घरटं म्हणावं असं काही नसतंच. चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, मातकट रंगावर काळे शिंतोडे. दोन हातांवरून पाहिलं तरी ते चार गोटेच वाटतात. भर दुपारी ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि तापलेल्या अंड्यांवर बसून त्यांना थंड करते. तीस माणसांनी तासभर तिला जवळ येऊ दिलं नाही, तर एवढ्या उन्हात अंडी शिजून जातात, कुणाचा पायही न पडता. तीस पावलांवर चारी बाजूंना काठ्या रोवून रंगीत चिंध्या बांधाव्यात आणि तो पट्टा या वर्षी सोडून द्यावा. तसंच उभ्या मातीच्या काठात मुठीएवढी गोल बिळं दिसली, तर ती वेड्या राघूची किंवा खंड्याची असतात, आत हातभर लांब बोगदा. असा काठ उतरता करायचा नाही. खेकड्यांची बिळंही बुजवायची नाहीत. ते पाऊस येईपर्यंत आतच असतात.

एरवी खचलेला उभा काठ मात्र उतरता करावा लागतो. एक फूट उंचीला दीड ते दोन फूट आडवं, हा उतार टिकतो. त्याहून उभा कापलेला काठ पहिल्या पुरात खालून पोखरला जातो. दगड रचायचे तर सर्वांत मोठे पायथ्याला, तळात निम्मे गाडून. पायथा वर वर ठेवला की वरचं सुंदर रचकाम पाण्याबरोबर जातं. वाळ्याचे ठोंब समपातळीत, एकमेकांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर लावले की वर्षा-दोन वर्षांत जिवंत बांध होतो. लावायचे ते पाऊस लागल्यावर, उन्हाळ्यात फक्त चर आखून ठेवायचा. करंज, उंबर, वाळुंज यांची काठावरची झाडं सोडून द्यावीत. त्यांची सावली ही डोहाला मिळणारी सर्वांत मोठी मदत आहे. आडवं पडलेलं झुडूपही काठाला धरून असेल आणि पात्राचा तिसरा हिस्साच अडवत असेल, तर राहू द्यावं. त्याच्या मागे बारकी मासळी थांबते. पुलाच्या वरच्या अंगाला असेल तर काढलंच पाहिजे.

आणि खोलीकरण. जेसीबी मिळाला की मोह होतो: आणखी दोन मीटर खाली जाऊ, पाणी जास्त मावेल. ओढा हा हौद नाही. त्याला एक चढउतार असतो, डोह मग खळाळ मग डोह, आणि नैसर्गिक पात्रात हे अंतर साधारण रुंदीच्या पाच ते सात पट असतं. खळाळावर पाणी हवेत मिसळतं, डोहात उन्हाळा निघतो. सगळं एकसारखं रुंद आणि सपाट केलं की पाणी वीतभर पातळ पसरतं, तापतं आणि आटतं. एके ठिकाणी तळ खोल केला की वरचा तळ त्या खड्ड्याकडे ढासळत मागे मागे कापला जातो, आणि वरच्या पुलाचा पाया उघडा पडतो. दख्खनच्या पठारावर बेसाल्टचे थर एकावर एक आहेत, काही पाणी धरणारे, काही घट्ट. कुठला थर कुठे फोडला याची पाहणी न करता खणलं, तर शेजारच्या विहिरींचंच पाणी ओढ्यात झिरपून वाहून जाऊ शकतं. म्हणून 'खर्र' आवाजाशी थांबायचं. पात्र फारच पसरलं असेल, तर मोठ्या दगडांच्या दोन ओळी घालून मधली उन्हाळी धार अरुंद करावी. एवढ्यानेही ती वाहती राहते.

खळाळातला एखादा तळहाताएवढा दगड उचलून पालथा करून बघायला हरकत नाही, उलट प्रत्येकाने बघावंच. खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या असतील, किंवा तीन शेपट्यांचे चपटे किडे पळताना दिसले, तर पाणी बरं आहे. नुसत्या लाल अळ्या असतील तर वरून मैला येतोय. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा.

कचऱ्याचं काम दिसायला सोपं. गाळात गाडलेली कापडं हाताने ओढू नयेत. ती लोखंडी सळईसारखी गाळ बांधून ठेवतात, ओढताना पाय सुटतो. कोयत्याने तुकडे करून काढावीत. पोतं निम्मंच भरावं. काच आणि सुया जाड झाकणाच्या डब्यात, चिमट्याने. आणि गाडी आधी ठरवावी, मग माणसं बोलवावीत. गाडी नसेल तर काठावर रचलेली पोती महिन्याने फाटतात. वनराई बंधाऱ्याची सिमेंटची रिकामी पोती ऑक्टोबर-नोव्हेंबरात मातीने भरून लावलेली असतात; उन्हाने त्यांचे धागे सुटायला लागतात. पाणी संपलं की मे महिन्यात ती काढून घ्यावीत, नाहीतर पहिल्याच पुरात त्यांच्या चिंधड्या प्रत्येक झुडपाला लटकतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे लोखंडी बरगे, म्हणजे खांबांच्या खाचांत बसवलेल्या पाणी अडवायच्या फळ्या, पावसाआधी निघाले नाहीत, तर पाणी बाजूचा काठ फोडून वाट काढतं. बरगे काढणं हे साखळी-कप्पी असलेल्या माहितगारांचं काम. श्रमदानाने खाचांमधला गाळ मोकळा करून द्यावा.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड ही सामुदायिक सिंचनाची पद्धत शतकानुशतकं चालली. बंधारा, पाट, पाणी वाटणारा पाटकरी, आणि पाटाची साफसफाई लाभधारकांनीच करायची. तिथे ही सफाई उपकार नव्हती, पाण्याच्या हिश्शाचाच भाग होती. आजच्या श्रमदानात मला हीच गोष्ट सगळ्यात हवीशी वाटते: ओढ्याच्या एकेका पट्ट्याला ठरलेली माणसं, दर वर्षी तीच.

माणसांची काळजी घेताना संकोच नको. साडेसहाला सुरू, दहाला बंद. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. मीठ-साखरेचं पाणी करायचं तर एक लिटरला चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नये. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर सावली, ओली फडकी, वारा आणि थेट दवाखाना. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. जखम असलेल्याने पाण्यात उतरू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांच्या आतलं असावं. कामानंतर दोन ते तीस दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना आपण ओढ्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगावं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची तपासणी वेळेत होते. ढिगात हात घालण्याआधी काठी आपटावी. पाण्यातला दिवड बिनविषारी असतो, त्याला मारू नये. कोरड्या पाल्यातली घोणस मात्र जीव घेते. पुलाखाली मान वर करून आग्यामोहोळ आहे का बघावं; असेल तर त्या पुलापासून लांब काम, धूर नाही. गमबूट चिखलात रुतला तर वर ओढू नये, टाच मागे-पुढे हलवून आत हवा शिरू द्यावी. पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथे कुणीच नाही. आणि वरच्या अंगाला ढग दाटलेले असताना पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर अवजारं तिथेच टाकून सगळ्यांनी काठावर.

शेवटच्या सकाळी पुलाच्या खांबावर तळापासून दर १० सेंटिमीटरला रंगाची रेघ मारून आकडे घालावेत. मग ओढा एकदा खालून वर चालून यावा, माशाच्या डोळ्यांनी. पहिल्या पुराबरोबर वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात, आणि आपणच रचलेली गुडघाभर दगडांची ओळ त्यांना भिंत होऊ शकते. तिच्यात हातभर रुंद खिंड ठेवायची, सर्वांत खालच्या जागी, पाण्याला लोळण घेत उतरता येईल अशी. वाटेत आडकाठीची दोरी सोडायची, विसरलेली घमेली गोळा करायची. टिटवीच्या काठ्यांपाशी आधी दुरून पाहायचं. पिल्लं निघून गेली असतील आणि गोट्यांत नुसती टरफलं असतील, तर काठ्या आणि चिंध्या काढून घ्यायच्या. ती अजून बसलेली असेल, तर तेवढं काम एका माणसावर सोपवून बाकीच्यांनी घरी जायचं.